उरणच्या तिवरांची वंशावळ

डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात एक अभ्यास-मोहीम धाडली. तिच्यातल्या विद्वानांपैकी एकटा कार्स्टन नीबूर जिवंत परतला. इजिप्त, तांबडा समुद्र, येमेन आणि पुढे मुंबईकडे असा प्रवास करता करता बाकीचे तापाने गेले. १७६३च्या सप्टेंबरात नीबूर मुंबईत उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर फक्त डॉक्टर क्रामर होता आणि तोही पुढच्या फेब्रुवारीत मुंबईतच वारला. नीबूर वर्षाहून अधिक काळ इथे राहिला. त्या मुक्कामात तो घारापुरीला जाऊन आला, लेण्यांची मापे घेतली, मूर्तींची चित्रे काढली. युरोपात परतल्यावर त्याने येमेनमध्ये मरण पावलेल्या पेटर फोर्सकोल या आपल्या सोबत्याची वनस्पतींची टिपणे १७७५ मध्ये छापली. त्या पुस्तकात तांबड्या समुद्राकाठच्या एका झाडाचे वर्णन आहे. फोर्सकोलने त्याला ‘स्कूरा मरीना’ म्हटले होते. आज शास्त्रज्ञ त्याला ‘अ‍ॅव्हिसेनिया मरीना’ म्हणतात आणि आपण तिवर म्हणतो.

घारापुरी आज उरण तालुक्यात मोडते. ज्या माणसाने तिवराचे शास्त्रीय वर्णन जगापुढे ठेवले, तो तिवराच्याच काठाला होडीतून उतरून लेण्यांकडे चढला होता. त्याचे लक्ष अर्थातच लेण्यांकडे होते. पुढच्या अडीचशे वर्षांतही कागद लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुतेक वेळा दुसरीकडेच राहिले. कधी मिठाकडे, कधी भाताकडे, कधी बंदराकडे. तिवर त्या कागदांत येते ते कडेकडेने. तरीही ते सगळे कागद शेजारी शेजारी मांडले, तर उरणच्या तिवरांची गोष्ट बऱ्यापैकी उभी करता येते. मला त्यांचे क्षेत्रफळ नको आहे. मला त्यांचे कूळ हवे आहे. शेवा, करंजा, धरमतर या पाण्यांत आज जी झाडे उभी आहेत त्यांचे आईबाप कोण होते, ते किती होते, आणि त्यांच्यातला वेगळेपणा पुढच्या पिढीत किती उतरला?

सुरुवात बेटापासून करावी लागते. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले गेले. उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि सरकारी कागदांत करंजा हे बेट होते. दोन टेकड्या, मधल्या सखल पट्ट्यात भात आणि मीठ, भोवती खाडी. त्याआधीच्या राजकीय कागदांतही करंजा बेट म्हणूनच येते. पोर्तुगीजांकडून ते मराठ्यांकडे गेले, १७७४ मध्ये साष्टी आणि घारापुरीसोबत इंग्रजांनी घेतले, आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. तहनाम्यात बेटे मोजलेली असतात, झाडे नसतात. पण ‘बेट’ एवढी एक नोंदसुद्धा तिवराच्या अभ्यासकाला पुष्कळ सांगते. भरतीचे पाणी चारी बाजूंनी फिरत होते, म्हणजे तिवराचे फळ एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला वाट मोकळी होती.

इथे तिवराच्या प्रजननाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. तिवराच्या लहान पिवळसर फुलांवर मधमाश्या आणि इतर कीटक येतात. ते फुलाफुलांवरून जवळच्या झाडाकडे जातात, त्यामुळे परागही फारसे दूर जात नाहीत. काही फुले स्वतःच्याच झाडाच्या परागाने फळतात. बी झाडावरच, फळाच्या आत, अंकुरते. कोकणात पावसाळ्यात ही फळे गळतात. पाण्यात पडल्यावर वरची साल थोड्याच दिवसांत सुटते, आतली जाडजूड दले उघडी पडतात आणि चिखलात मूळ धरतात. ऑस्ट्रेलियात पीटर क्लार्क यांनी आग्नेय किनाऱ्यावरच्या खाड्यांत हा प्रवास तपासून १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक फळे आईच्या आसपासच लागतात, मोजकीच पाण्याबरोबर दूरवर जातात, असे त्यांना दिसले. म्हणजे तिवराच्या रानात शेजारी हे बहुधा भाऊबंद असतात. प्रत्येक वळणावर एकेक घराणे, आणि उधाणाच्या भरतीने अधूनमधून एखादे फळ दुसऱ्या घराण्यात नेऊन टाकायचे. त्या थोड्याशा देवघेवीवरच सगळ्या खाडीचा वेगळेपणा टिकून असतो.

बेटाभोवती सलग तिवर होते, म्हणजे ही देवघेव चालू होती. एका टोकाचे झाड दुसऱ्या टोकाच्या झाडाचे नातेवाईक नसेल, पण मधल्या घराण्यांतून त्यांचा संबंध होता.

मग मीठ. उरणची मिठागरे ब्रिटिश काळात नावाजलेली होती आणि मीठ हे सरकारी महसुलाचे मोठे खाते असल्याने त्याचे कागद चोख आहेत. आगरी माणसाने खाजणाला बांध घातला, पाणी आत घेण्याची आणि सोडण्याची उघाडी केली, कोंडी आखली आणि उन्हावर मीठ पिकवले. दुसरीकडे त्याच हातांनी खारबंदिस्ती करून खाऱ्या चिखलातून भाताची जमीन काढली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनीसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा नवा कायदा केला. बांध कोणी घालायचा, दुरुस्ती कोणी करायची, वर्गणी कशी घ्यायची, याची तपशीलवार तरतूद अशा कायद्यांच्या अंमलबजावणीत आहे.

बांधाच्या आत तिवर मेले, हे उघड आहे. भरती बंद झाली की तिवर टिकत नाही. पण बांधाच्या बाहेर ते हवेच होते. लाटेचा मार पहिल्यांदा तिवराने झेलला नाही, तर मातीचा बांध एका उधाणात फुटतो, हे बांध घालणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाला गुरांना, सुकी लाकडे चुलीला, आणि उभे झाड बांधाच्या रक्षणाला. मिठाच्या आणि भाताच्या काळाने तिवराचा पट्टा अरुंद केला, पण माझ्या मते तो पूर्ण तोडला नाही. खाड्यांची तोंडे उघडी होती आणि बाहेरची पट्टी उभी होती. फळांची ये-जा कमी झाली असेल, बंद पडली नाही. आज उरणमध्ये जी जुनी जाड बुंध्याची तिवरे दिसतात, त्यातली काही या बांधाबाहेरच्या पट्टीची वारसदार असणार.

याच काळात डोंगरातल्या जंगलाचा इतिहास मात्र रक्ताने लिहिला गेला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि त्याच्या नोंदी, खटले, स्मारके आहेत. डोंगरावरचे लाकूड सरकारी मालमत्ता होते, म्हणून तिथला प्रत्येक वाद कागदावर आला. खाडीतल्या लाकडाकडे तसे कोणी पाहत नव्हते. त्याचे कागद वनखात्याऐवजी वनस्पतिशास्त्रज्ञांनी लिहिले.

ते कागद मुंबईत तयार झाले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. एथेलबर्ट ब्लाटर हे जेझुइट पाद्री १९०३ मध्ये मुंबईत आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवू लागले. १९०५ मध्ये त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इलाख्यातल्या खारफुटीवर आणि तिच्या जीवनक्रमावर लेख लिहिला. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही झेवियर्समध्ये आहे. पुढे बी. एस. नवलकर यांनी मुंबई आणि साष्टीच्या खाऱ्या वनस्पतींचा अभ्यास केला, त्यांच्या रसातल्या क्षारांचे प्रमाणही मोजले. हे लोक पुस्तकांतून पुस्तके काढणारे नव्हते. चिखलात उतरणारे होते.

त्यांच्या लिखाणात तिवरांच्या नावांची बरीच ओढाताण दिसते. एकाने ज्याला ‘ऑफिसिनॅलिस’ म्हटले ते दुसऱ्याने ‘मरीना’ मानले, तिसऱ्याने ‘अल्बा’. १९४० मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मोल्डेन्के यांनी टोकदार पानांच्या तिवराला ‘अ‍ॅक्युटिसिमा’ असे पोटनाव दिले. ही ओढाताण पुष्कळांना कंटाळवाणी वाटते. मला ती पुरावा म्हणून मोलाची वाटते. पानांचे आकार, टोके, फळांची ठेवण यांत इतका फरक होता की चांगले नजरबाज शास्त्रज्ञ एकमेकांशी सहमत होईनात. एकाच घराण्याची एकसारखी झाडे असती, तर हा वाद इतका रंगला नसता. पानाचा आकार जमिनीच्या खारटपणानेही बदलतो, त्यामुळे त्याला जनुकांचा सरळ पुरावा मानता येत नाही. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या किनाऱ्यावरचे तिवर एकसुरी नव्हते, एवढे हे कागद सांगतात.

प्रयोगशाळेचा पुरावा १९९७ मध्ये आला. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेत एम. पराणी, अजय परिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या तिवराच्या तीन जातींच्या मिळून दहा समूहांचा डीएनए तपासला. त्यांच्या निष्कर्षातली एक गोष्ट मी उरणच्या नकाशाशेजारी ठेवतो. एकाच समूहातल्या झाडाझाडांतला फरक कमी होता आणि एका समूहाचा दुसऱ्या समूहाशी असलेला फरक जास्त होता. २००० साली टीना मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंतच्या १४ ठिकाणची तिवरे तपासली. तिथेही समूहासमूहांत मोठी तफावत निघाली आणि जातीच्या पसाऱ्याच्या कडेला असलेल्या समूहांत विविधता फार कमी भरली.

याचा अर्थ साधा आहे आणि गंभीर आहे. ज्या जातीत बहुतेक विविधता एकाच ठिकाणच्या झाडांत सामावलेली असते, तिथे एक रान गेले तरी दुसऱ्या रानात बरेचसे शिल्लक राहते. तिवराचे तसे नाही. त्याचा वेगळेपणा ठिकाणाठिकाणांत वाटलेला आहे. एखादी खाडी बुजली तर तिथले जे खास होते ते शेजारच्या खाडीत सापडेलच, याची हमी नाही. आणि उरणमध्ये नेमक्या खाड्या बुजल्या.

ते कागद सर्वांना ठाऊक आहेत, कारण त्यांच्यावर माणसांची आयुष्ये लिहिलेली आहेत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी झाली. ओएनजीसीचा प्रकल्प आला, वीज केंद्र आले. न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. शेवा गाव उठले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली आणि ती मिळवण्यासाठी घराघरांत सात-बारे, फेरफार, वारसनोंदी यांच्या फायली उघडल्या गेल्या. आजोबा कोण, त्यांना मुले किती, कोणाचे नाव लागायचे राहिले, हे सिद्ध करण्यात उरणच्या माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. जमिनीवर हक्क सांगायचा तर वंश दाखवावा लागतो, हे इथल्या माणसाइतके कोणाला कळत नसेल.

खाजणावर भराव पडला तेव्हा तिवराचा वंश विचारणारा रकाना कोणत्याही अर्जात नव्हता.

आता हिशेब. समजा एका खाडीत फळणारी हजारो तिवरे होती आणि भरावानंतर कोपऱ्यात दहाच उरली. सगळा वेगळेपणा लगेच जात नाही. उरलेल्या दहा झाडांत पुष्कळ काही असते. पण समूहशास्त्राचा नियम असा की प्रजनन करणारी झाडे ‘न’ असतील, तर प्रत्येक पिढीत एकूण वैविध्याचा साधारण एक भागिले दोन-न इतका हिस्सा गळतो. दहा झाडे असतील तर पिढीमागे ५ टक्के. पाच पिढ्यांत जवळजवळ २३ टक्के. शंभर झाडे असती तर त्याच पाच पिढ्यांत अडीच टक्केच गेले असते. स्वतःच्या परागाने फळण्याची सवय असलेल्या झाडात ही गळती याहून वेगाने होते. आणि यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. दहा झाडांची शंभर पोरे झाली, शंभराची हजार झाली, तर वरून पाहणाऱ्याला रान वाढलेलेच दिसते.

तसे ते वाढतेही. बंदराच्या, रस्त्याच्या भरावाने पाण्याची वाट अडली की संथ पाण्यात गाळ बसतो आणि ताज्या गाळावर तिवर आपोआप उगवते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राची खारफुटी २०१७ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर होती, २०१९ मध्ये ३२०, २०२१ मध्ये ३२४. हे आकडे उपग्रहाच्या चित्रांवरून येतात आणि रान किती दाट, मध्यम किंवा विरळ आहे एवढेच मोजतात. त्यांचे काम ते चोख करतात. पण नव्या गाळावरचे रान मोजक्या आयांच्या पोरांचे असू शकते, आणि ते चौरस किलोमीटरमध्ये कधीच दिसणार नाही. म्हणून या वाढीचा आनंद मला अर्धाच होतो.

मोजक्या आईबापांच्या रानाचा हा प्रश्न नदीकाठच्या पॉप्लर झाडांवर जगात फार पूर्वीपासून अभ्यासला जातो आहे. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज त्याच कुळातला. पॉप्लरचे कापसाळ बी पुराने धुऊन काढलेल्या ओल्या वाळूवरच रुजते. नदीवर धरण झाले, पूर थांबला, की मोठी झाडे उभी राहतात पण त्यांच्याखाली नवी पोरे येत नाहीत. उघाडी बंद केलेल्या खाजणातल्या तिवराशी हे किती जुळते! युरोपात काळ्या पॉप्लरची नैसर्गिक रोपे घटली आणि माणसांनी फांद्या तोडून कलमे लावली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहरात असाच एक नर वृक्ष कलमांनी हजारोंच्या संख्येने लावला गेला, कारण तो धुरात टिकत होता. दिसायला हजारो झाडे, जनुकांच्या हिशेबात एकच. २००० साली त्यांच्यावर बुरशीचा रोग आला. एका झाडाला जी प्रतिकारशक्ती नव्हती ती कुणालाच नव्हती. झाडे रांगेने वाळत गेली.

तिवर कलमाने लावत नाहीत, बियांनी लावतात, त्यामुळे मँचेस्टरइतकी टोकाची गत होणार नाही. पण बी कुठून आणले हा प्रश्न सुटत नाही. रोपवाटिकेसाठी फळे गोळा करायची तर माणूस जिथे सहज पोचतो तिथेच जातो. रस्त्यालगतचे, भरघोस फळलेले झाड सापडले की पिशव्या तिथेच भरतात. पुन्हा आकडा मांडतो. एखादे दुर्मीळ जनुकरूप शंभरात पाच या प्रमाणात असेल आणि बी दहाच झाडांचे असेल, तर ते रूप पूर्णपणे निसटण्याची शक्यता ३६ टक्के आहे. पन्नास झाडे घेतली तर ती एका टक्क्याच्याही खाली येते. खारटपणा सोसण्याची, गाळात गुदमरून न मरण्याची, तेलाच्या थरातून सावरण्याची ताकद अशाच एखाद्या दुर्मीळ रूपात असू शकते.

तेलाचे म्हटले ते उगाच नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रामधले तेल सांडले आणि भरतीबरोबर उरण, नवी मुंबई, अलिबागच्या खारफुटीत शिरले. तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळे तेलाने माखली की झाड आतून घुसमटते. अशा घटनेत काही झाडे मरतात, काही पाने गाळून पुन्हा पालवतात. कोणती पालवली, याची झाडनिहाय नोंद ठेवणे हे त्या वर्षी करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम होते. त्या अपघाताच्या कागदांत टन आहेत, नुकसानभरपाई आहे, पिंपे आहेत.

न्यायालयांचे कागद मात्र मी आदराने वाचतो. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेशाने राज्यभर खारफुटीची तोड थांबवली. १७ सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरवला आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. मधल्या काळात, २७ फेब्रुवारी २०१५ला, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल दिला. बंदराच्या विस्तारात खारफुटी आणि मासेमारीची पाण्याची वाट गेल्याबद्दल १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांहून अधिक रुपये देण्याचा तो आदेश होता. भागाकार केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार येतात. खाडी गेली म्हणजे चूल गेली, हे कोळ्यांनी कायद्याच्या भाषेत सिद्ध करून दाखवले. राज्याने २०१२ मध्ये खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष उघडला, २०१५ मध्ये मँग्रोव्ह फाउंडेशन आले, २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. हे सारे घडले नसते तर आज या लेखाला विषयच उरला नसता.

तरी भरपाईच्या लागवडीचे कागद वाचताना मन खट्टू होते. शेजारच्या पनवेल तालुक्यातल्या विमानतळाला २२ नोव्हेंबर २०१० रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली. तिच्या अटींत वाघिवलीला २४५ हेक्टरचे खारफुटी उद्यान आहे, मोहा आणि पनवेल खाडीलगत ६० हेक्टर आहे, गाढी नदीच्या बाजूला ३१० हेक्टर हिरवा पट्टा आहे. हेक्टर मोजून दिलेले, सीमा लिहून दिलेल्या. एवढ्या काळजीने लिहिलेल्या अटीत ‘रोपे किमान इतक्या मातृवृक्षांची, याच खाडीतली असावीत’ अशी एक ओळ सहज बसली असती. ती ओळ लिहायला पैसा लागत नाही. १९९७च्या अभ्यासानंतर तिची गरजही उघड होती.

उरणमध्ये स्थानिक अभ्यासाची परंपरा आहे, हे समाधानाचे आहे. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयातल्या प्रभाकर पवार यांनी इथल्या खारफुटीच्या पाण्याची तपासणी करून २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. जनुकांच्या बाजूनेही साधने आता हाताशी आहेत. २००६ मध्ये जगात पहिल्यांदा एका झाडाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तो पॉप्लरचाच, अमेरिकेत निस्क्वाली नदीकाठच्या एका मादी वृक्षाचा. तिवराचा नंबर २०२१ मध्ये लागला. ज्या अजय परिदांनी १९९७ मध्ये दहा समूह तपासले होते त्यांच्याच भुवनेश्वरच्या संस्थेतून आणि सहकाऱ्यांकडून तो संच प्रसिद्ध झाला. ३१ गुणसूत्रांत मांडलेला, सुमारे ४५ कोटी ६० लाख अक्षरांचा, ३१,४७७ जनुकांचा. मीठ पानातून बाहेर टाकणाऱ्या या झाडात खारेपणाशी संबंधित जनुके कोणती, याची यादीही त्यात आहे. चोवीस वर्षांत एकाच संशोधकाच्या हातून प्रश्न धूसर ठिपक्यांपासून अक्षरापर्यंत आला. २०२२ मध्ये परिदा गेले.

जनुकसंच हा एका झाडाचा असतो. उरणला हवी आहे ती अनेक झाडांची तुलना, आणि तिची सामग्री अजून उभी आहे. घारापुरीचा काठ, शेवा खाडीतले उरलेले तुकडे, करंजाच्या बाहेरची पट्टी, धरमतर खाडी. प्रत्येक ठिकाणची पन्नास झाडे घ्यावीत आणि दोन झाडांत पुरेसे अंतर ठेवावे, म्हणजे भावंडेच हाती लागणार नाहीत. स्वतःच्या परागाने फळणाऱ्या झाडात पन्नासही थोडी कमी पडतात, तेव्हा जमेल तिथे शंभर. बुंधा जाड असलेली झाडे आधी, कारण ती भरावाआधीची असण्याची शक्यता जास्त. एकेका झाडाची चार पाने सिलिका जेलच्या पुडीत वाळवली तरी पुढे बरीच वर्षे डीएनए निघतो. जुन्या वनस्पतिसंग्रहातल्या पानांतूनही तो काढता येतो, तेव्हा मुंबईच्या संग्रहांतली शतकापूर्वीची नमुनापत्रे या कामात धरली पाहिजेत. बंदर येण्याआधीचे आणि नंतरचे तिवर एकमेकांशेजारी ठेवण्याचा तोच एक सरळ मार्ग आहे.

रोपवाटिकेच्या नोंदवहीत चार रकाने वाढवायचे आहेत: फळे कोणत्या खाडीतली, किती झाडांवरची, झाड पाण्याच्या कडेचे की बांधाजवळचे, आणि रोप पुढे कोणत्या खाडीत लावले. फळे गळण्याचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, तेव्हा वही जूनच्या आधी आखून ठेवावी लागेल. पहिल्या पानावर शेव्याची झाडे घ्यावीत. तिथे भराव अजून चालू आहे.